मागच्या वर्षीच्या किकरची आई

रेणू पांढरीपांडेला राग लवकर येतो हे अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. एरवी बाई लाख मोलाची. कुणाकडे बाळंतपण असो की कुणी भारतातल्या बातमीने कोसळलेलं असो, पहिला डबा हिचाच पोचायचा. पण एकदा डोकं फिरलं की इतक्या वर्षांत अंगी बाणवलेलं ‘सॉरी’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ बाजूला पडायचं आणि धरमपेठेतली नागपुरी तोंडातून सुटायची. नवरा अनीश तेवढाच थंड. दोघांना ओळखणारे म्हणत, देवाने जोडी लावताना सरासरी काढली.

लग्न होऊन ती आली ती अनीशच्या व्हिसावर. स्वतः इंजिनिअर, पण नोकरी करायची परवानगी नाही. अनीश सकाळी ऑफिसला गेला की अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा, एवढाच उद्योग. त्या काळात ओजस झाला आणि तिच्या अंगातली सगळी धग त्या पोरामागे लागली. पोराचा डावा पाय विलक्षण होता. सॉकरच्या मैदानावर तो लांबून गोल मारायचा आणि बाकीच्या आया कॉफीचे कप खाली ठेवून बघायच्या. हायस्कूलच्या कोचने तो पाय हेरला आणि पोराला अमेरिकन फुटबॉलमध्ये ओढलं. हा खेळ नावाचाच फुटबॉल, सगळा हातांचा आणि धडकांचा. त्यात पायाचं काम मुख्यतः किकरचं. संघ पुढे सरकेनासा झाला की त्याला बोलावतात, तो दोन खांबांच्या मधून चेंडू मारतो, तीन गुण मिळतात. मारला तर कुणी नाव घेत नाही. चुकला तर सगळे घेतात.

ओजसच्या सरावासाठी चेंडू आणून द्यायला कुणी नसायचं. रेणू जायची. कडाक्याच्या थंडीत खांबांच्या मागे उभी राहून चेंडू गोळा करायची आणि परत फेकायची. पुढे तिला नोकरी लागली, ती टेस्टिंग टीमची मॅनेजर झाली, तरी शनिवार-रविवारी ती त्या खांबांमागेच असायची. चेंडूला पाय लागल्याचा आवाज ऐकून ती न बघता सांगायची, हा गेला, हा नाही गेला. ओजसला मार्लो स्टेट विद्यापीठाने टीममध्ये घेतलं त्या दिवशी तिने अख्ख्या मंडळाला पुरणपोळ्या घातल्या.

मागच्या नोव्हेंबरात, सीझनच्या शेवटच्या मॅचच्या शेवटच्या क्षणी, टीम एका गुणाने मागे असताना ओजसला बोलावलं गेलं. चेंडू उजव्या खांबावर आपटून बाहेर गेला. मॅच गेली, सीझन गेला, आणि त्यानंतर फोनवर जे सुरू झालं ते रेणूने एकेक करून सगळं वाचलं. कुणी लिहिलं होतं, पेट्रोल पंपावर परत जा, तुम्हा इंडियनांचं काम तेच. कुणी त्याहून घाण. ती एकेकाला उत्तरं देत बसली, शेवटी अनीशने तिच्या हातातून फोन काढून घेतला. ओजसने मात्र एक अक्षर कधी काढलं नाही. यंदा कॉलेजने दुसऱ्या विद्यापीठातून कोल नावाचा नवा किकर आणला आणि ओजस बाकावर गेला.

डॉक्टर बाळ सहस्रबुद्धे हे शॉमबर्गातले सगळ्यांचे बाळकाका. निवृत्त भूलतज्ज्ञ. तरुणपणी मार्लो स्टेटच्या हॉस्पिटलात शिकले, म्हणून त्या टीमवर त्यांचा जीव. दर शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये मॅच बघायला मंडळी जमायची. रेणू मागच्या वर्षीपर्यंत तिथे मानाच्या जागी बसायची. यंदा ती जायचं टाळत होती. पण ऑक्टोबरात बाळकाकांच्या बायकोने, मृणालिनीकाकूंनी, स्वतः फोन केला, साबुदाण्याचे वडे करतेय म्हणाल्या, आणि काकूंना नाही म्हणणं तिला जमलं नाही.

मॅच मध्यंतराला आली होती. मार्लो स्टेट पुढे होती. टीम मागच्या वर्षीपेक्षा सुधारली की नाही, यावरून बाळकाका आणि रवींद्र यांची जुंपली होती. रवींद्र पुण्याचा, त्याची मुलगी अनिका मार्लो स्टेटलाच शिकत होती, आणि कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचं हा त्याचा स्वभाव.

“सुधारली वगैरे काही नाही काका,” रवींद्र म्हणाला. “यंदा मॅचेस कुणाशी पडल्या ते बघा ना. सगळ्या लिंबूटिंबू टीम्स. शेड्यूल सोपं आहे, बस.”

“अरे, याच लिंबूटिंबूंनी मागच्या वर्षी आपल्याला पाणी पाजलं होतं!”

“डिफेन्स अजून तेवढाच ढिला आहे. क्वार्टरबॅक तोच, कोच तोच. मग सुधारलं काय?”

“तेच तर सांगतोय मी!” बाळकाका रिमोट उगारून म्हणाले. “सगळं तेच आहे. बदललं ते एकच. किकर! मागच्या वर्षी आपण मॅचेस घालवल्या त्या किकरपायी. यंदा तो नवा पोरगा आला आणि—”

“अहो,” मृणालिनीकाकू म्हणाल्या.

रेणू त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होती. वड्यांची प्लेट तिने शेजारच्या टेबलावर ठेवली.

“थांबले कायले काका? करा ना वाक्य पूर्ण.”

“रेणू, अगं मी ओजसला म्हणून नाही...”

“मग कुणाला? मागच्या वर्षी दुसरा कोण होता किकर? त्याच्या पहिल्या मॅचला याच बेसमेंटमध्ये तुम्ही नाचला होतात. ‘आपला ओजस, आपला ओजस’ करून गळा बसला होता तुमचा. आता तो ‘किकर’ झाला?”

“मी खेळाबद्दल बोलतोय.”

“मीपण खेळाबद्दलच बोलून राहिले. चार-चार वेळा ती टीम खांबांपाशी पोचायची आणि हात हलवत परत यायची. ते कुणाचं अपयश? एक पोरगा शेवटी उभा राहतो आणि सगळ्यांचं पाप त्याच्या पायावर!” ती उभी राहिली होती. आवाज जिन्यापर्यंत जात होता. “तुम्ही आयुष्यभर लोकांना भूल दिली ना काका? तुमचा हात कधी चुकला नाही? एकदाही नाही? आणि चुकला तेव्हा स्टेडियमभर लोक होते का शिव्या घालायला?”

बाळकाकांचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी रिमोट सोफ्यावर ठेवला, कठड्याला धरून जिना चढले आणि वर निघून गेले. टीव्हीवर कसलीशी ट्रकची जाहिरात चालू होती. रवींद्र तीच एकाग्रतेने बघत होता.

“पुरे, रेणू,” मृणालिनीकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज असा कोरडा तिने कधी ऐकला नव्हता.

घरी जाताना गाडी तिनेच चालवली, आणि सगळा राग अनीशवर निघाला.

“तू तिथे काय करून राहिला होतास? वडा खाऊन राहिला होतास! तुझ्या पोराला बोलले ते.”

“बाळकाका चुकीचं बोलले नाहीत, रेणू. चुकीच्या ठिकाणी बोलले.”

“म्हणजे तुझंही तेच मत आहे.”

“माझं मत काय असायचंय? कोल जास्त मारतो. आकडेच आहेत ते.”

“आकडे!” तिने सिग्नलला असा ब्रेक मारला की अनीशने डॅशबोर्डला हात टेकला. “तुला राग येतच नाही का रे? कधीच?”

“येतो,” अनीश म्हणाला. “पण तू घरातला सगळा वापरून टाकतेस.”

 घरी पोचल्यावर गॅरेजमध्ये बराच वेळ गाडीत बसून राहिली.

आठवड्याच्या मध्यावर मृणालिनीकाकूंचा फोन आला. माफी माग असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच सांगितलं की, खूप वर्षांपूर्वी एक लहान मुलगी ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. बाळकाकांची चूक नव्हती, चौकशीतही तसंच ठरलं. पण त्या मुलीच्या आईने हॉस्पिटलच्या दारात त्यांना जे शब्द ऐकवले ते बाळकाका विसरले नाहीत. “तुला कुठून माहीत असणार,” काकू म्हणाल्या. “पण शनिवारपासून जेवण धड नाही त्यांचं.”

रेणूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने फोन हातात घेतला, बाळकाकांचा नंबर काढला आणि परत ठेवून दिला. माफी मागायची तर पूर्ण मागायला हवी, आणि ‘पण सुरुवात तुम्ही केलीत’ हे वाक्य तिच्या जिभेवरून काही केल्या हटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ओजसचा फोन आला. अनिकाकडून त्याला सगळं कळलं होतं. तो इंग्लिशमध्येच बोलत होता, आणि रेणूने त्याला इतकं चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं.

“मॉम, तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?”

“ते तुला नावं ठेवत होते.”

“ते बरोबर बोलत होते! आम्ही सुधारलोय. मी किक मारत असतो तर यंदा निदान दोन मॅच हरलो असतो. कोल माझ्यापेक्षा चांगला आहे. मला माहीत आहे, टीमला माहीत आहे. तुलाच फक्त माहीत नाही.”

“मग तू तिथे कायले थांबला आहेस? परत ये. इंजिनिअरिंग कुठेही होतं.”

“कारण मी होल्डर आहे.”

होल्डर म्हणजे चेंडू धरणारा. किकरच्या पुढ्यात एका गुडघ्यावर बसायचं, लांबून भिरकावलेला चेंडू झेलायचा, जमिनीवर उभा करायचा आणि बोटाने टेकून धरायचा. मग दुसऱ्याने येऊन लाथ मारायची. रेणूला हे ठाऊक होतं. यंदा प्रत्येक मॅचमध्ये तिने ते टीव्हीवर बघितलंही होतं. पण त्याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती.

“ज्याने तुझी जागा घेतली त्याच्यापुढे गुडघे टेकून बसतोस,” ती म्हणाली. “आणि मी ते बघून खूश व्हायचं?”



“तू बघत नाहीस, आई,” ओजस म्हणाला. आता तो मराठीत बोलत होता, अडखळत. “तू माझे हात एकदा पण नाही बघितले. तू कोलचा पाय बघते. तो मिस करावा म्हणून बघते.”

आणि त्याने फोन ठेवला. रेणू स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. ओट्यावरची कढई तिने सिंकमध्ये आदळली, कारण पोरगं खरं बोललं होतं. दर शनिवारी कोल धावत आला की तिच्या पोटातून एकच इच्छा वर यायची: चुकू दे. एका परक्या आईच्या पोराचं वाईट चिंतत ती प्रत्येक शनिवारी सोफ्यावर बसत होती. त्या क्षणी तिला सगळ्यांचा राग आला. कोचचा, कोलचा, बाळकाकांचा, ओजसचा. सगळ्यात जास्त तो कुणाचा आला होता ते तिने अनीशला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात मार्लो स्टेटच्या स्वतःच्या मैदानावरच्या मॅचला दोघं गेली. वाटेत दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, करडं आभाळ. गाडीतून उतरताना अनीश म्हणाला, “ओजसने सांगितलंय, काही बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

खेळाडूंच्या पालकांच्या रांगा संपतात तिथेच सीझन तिकीटवाल्यांच्या रांगा सुरू होत होत्या. बरोबर मागे एक जाडजूड माणूस आणि त्याचा तरुण मुलगा बसले होते, आणि त्यांचाही तोच वाद चालू होता. मुलगा म्हणत होता टीम सुधारलीये, बाप म्हणत होता, थांब, मोठ्या टीमशी गाठ पडू दे, मग बघ. रेणूने टोपी कानांवर ओढून घेतली.

पहिल्याच तीन गुणांच्या किकला तिने ठरवून ओजसचे हात बघितले. तो एका गुडघ्यावर बसला, हात पुढे केले. चेंडू आला तो वाकडा, जवळजवळ जमिनीला घासून.  ओजसने तो खालच्या खाली उचलला, टेकवला, बोटाने गर्रकन फिरवून त्यावरची जाड शिवण, पायाला लागून चेंडू भरकटू नये म्हणून, खांबांकडे केली, आणि तेवढ्यात कोलचा पाय येऊन लागलाही. चेंडू खांबांच्या मधोमध. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर झालं. खांबांमागे इतकी वर्षं काढूनही असं काही तिने बघितलं नव्हतं, कारण खांबांमागून ते दिसतच नाही.

“वा रे कोल!” मागचा माणूस ओरडला.

“कोल काय कोल,” रेणू दातओठ खात पुटपुटली. “चेंडू कुणी वाचवला?”

“रेणू,” अनीश म्हणाला.

मॅच अटीतटीची झाली. शेवटी टीम दोन गुणांनी मागे, घड्याळ संपत आलेलं, आणि मैदानावर पुन्हा किकरची मंडळी धावत आली. स्टेडियम उभं राहिलं. बरोबर मागच्या वर्षीसारखंच.  ओजस बसला. चेंडू आला. त्याने टेकवला. पायाचा आवाज झाला, आणि तो आवाज ऐकताच तिला कळलं.

गेला नाही.

चेंडू डावीकडून बाहेर पडला. एका क्षणापुरतं तिच्या छातीत काहीतरी गोड फुटलं. ज्याची ती दोन महिने वाट बघत होती ते घडलं होतं. मग तिने खाली बघितलं. कोल हेल्मेटवर दोन्ही हात ठेवून उभा होता. ओजस अजून गुडघ्यावरच होता, चेंडू जिथे टेकवला होता त्या गवताकडे बघत. आणि चारी बाजूंनी हुर्यो सुरू झाली.

मागचा माणूस बाकावर चढला होता. त्याने कोलला अशा शिव्या दिल्या की पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान खाली घातली. मग तो मुलाला म्हणाला, “सुधारली म्हणे! याच्यापेक्षा मागच्या वर्षीचा तो इंडियन पोरगा बरा होता!”

हे वाक्य कुणीतरी बोलावं म्हणून रेणूने वर्षभर जीव टाकला होता. ते कानावर पडलं आणि तिच्या डोक्यात जाळ झाला. ती वळली.

“ए! खाली उतर,” ती म्हणाली, आणि ते मराठीत म्हणाली हे तिला नंतर कळलं. मग इंग्लिशमध्ये, “खाली उतर आणि मला तोंडावर सांग. मी त्या इंडियन पोराची आई आहे. मागच्या वर्षी हेच तोंड होतं ना तुझं? हेच शब्द होते ना? तेव्हा माझा पोरगा, आता हा. एकोणीस वर्षांचं लेकरू आहे ते! स्वतः कधी पळालास का इथून तिथवर?”

“लेडी, शांत व्हा—”

“नाही होणार शांत! कायले होऊ?”

त्या माणसाच्या मुलाने बापाची बाही ओढली. आसपासचे लोक बघत होते, कुणीतरी फोन वर धरला होता. अनीश उठला. आता हा मला खाली बसवणार, असं रेणूला वाटलं. पण अनीश तिच्या शेजारी उभा राहिला आणि फोन धरणाऱ्या माणसाला, एरवी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो त्याच आवाजात म्हणाला, “तो खिशात ठेवा. आत्ता.” त्याने ठेवला.

खेळाडू बाहेर येतात त्या दारापाशी पालक थांबतात. ओजस आला तो केस ओले, डोळे लाल. रेणूने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, “शिवण कोलकडे राहिली. मी फिरवली, पण पूर्ण नाही फिरली. माझं होतं ते. मी कोचला सांगितलं.”

“कुणाला काही दिसलं नाही, बाळा.”

“मला दिसलं ना.” आणि मग, थकलेल्या आवाजात, “वर तू कुणाला ओरडत होतीस? खालून दिसत होतं.”

“एका गाढवाला.”

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. कोल मागून आला, कुणाकडे न बघता. ओजसने त्याच्या पाठीवर हात टाकला आणि दोघं होस्टेलच्या दिशेने गेले.

पुढच्या रांगेत मान खाली घातलेली ती बाई दारापाशी एकटीच उभी होती. कोलची आई. डेना तिचं नाव, इंडियानातल्या एका गावात शाळेची बस चालवायची, मॅचसाठी पहाटे निघून आली होती. तिच्या हातात फोन होता, त्यावर बोट सरकत होतं. रेणूला ते काय आहे हे सांगायची गरज नव्हती. ती सरळ गेली आणि तिचा मनगटाशी हात धरला.

“वाचू नको. मी मागच्या वर्षी सगळं वाचलं. एकही शब्द डोक्यातून जात नाही.”

डेनाने तिच्याकडे बघितलं. “वर ओरडत होतात त्या तुम्हीच?”

“हो.”

“माझ्या मुलासाठी?”

रेणूला खोटं बोलवेना. “आजच. आत्तापर्यंत तो चुकावा म्हणून मी बसत होते.”

डेनाने हात सोडवून घेतला. तिचा चेहरा तापला. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “कोल इथे आला तेव्हापासून मला वाटायचं, त्या दुसऱ्या मुलाची आई कुठेतरी बसून हेच मागत असेल. मीही मागितलं असतं.” तिने फोन पर्समध्ये कोंबला. “पण त्या लोकांना काय मिळतं हो? यांची मुलं नाहीत का?”

“आहेत. शेजारीच बसली होती.”

अनीश गाडी घेऊन आला. रेणूने काचेतून त्याला थांबायची खूण केली. डेनाची गाडी दूरच्या लॉटमध्ये होती, आणि वाटेवर हरलेल्या मॅचची गर्दी होती, मोठमोठ्याने तोच वाद घालणारी. रेणू तिच्या बरोबर चालायला लागली. चालता चालता तिने त्या जाड्या माणसाला, फोनवर लिहिणाऱ्यांना, कोचला, थंडीला अस्सल नागपुरीत शिव्या घालायला सुरुवात केली. डेनाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर तिनेही आपल्या गावच्या भाषेत शिव्या सुरू केल्या.